चौकटीवरची रेघ

लॉजवर सगळे तिला इस्त्रीबाई म्हणत. इस्त्रीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता, ती खोल्या आवरायची. पण तिने घातलेल्या चादरीवर एक सुरकुती शोधून दाखवा, अशी पैज मॅनेजर नव्या बायकांशी लावायचा आणि सव्वीस वर्षांत ती कोणी जिंकली नव्हती. उशीवर केस नको, आरशावर बोट नको, बादलीत थेंब नको. आधीचा माणूस इथे राहून गेला, हे पुढच्याला कळता कामा नये. एवढी एकच विद्या तिला येत होती, पण ती हाडीमाशी खिळली होती.

घरी तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, सात वर्षांची नात, आणि तेही घरी नव्हतं. मुलगी आजारपणात गेली. जावई काम शोधून येतो म्हणून गेला तो गेलाच. मग इस्त्रीबाई स्वतः लॉजच्या जिन्यावरून घसरली, पाय मोडला, तीन महिने अंथरुणाला खिळली आणि नातीला बालगृहात ठेवावं लागलं. तात्पुरतं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. पाय बरा झाला, थोडं लंगडत का होईना ती कामावर गेली, पण ते तात्पुरतं काही संपेना. कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे कागद आला. घर पाहून ठरवू. तपासणीच्या मॅडम न कळवता कधीही येतील. तोवर नात दर रविवारी दहा ते पाच आजीकडे.

न कळवता हे वाचून आधी ती घाबरली. मग जरा धीर आला. घर पाहुण्यासाठी तयार ठेवायचं? त्यात तिचा हात कोण धरणार होतं?

ती लागली कामाला. दोनच खोल्या, पण सकाळी कामावर निघण्याआधी फरशी पुसायची, दुपारी आल्यावर पुन्हा पुसायची. खाटेवरची चादर चारही कोपरे आत खोचून ताणलेली. मोरीत कोरा टॉवेल. मॅडमसाठी कपबशी पालथी घालून ठेवलेली आणि शेजारी बिस्किटांचा डबा. बिस्किटं मऊ पडली की ती नवी आणायची. त्या डब्याला हात लावायचा नाही, तो पाहुण्यांचा, असं तिने नातीला पहिल्याच रविवारी बजावलं होतं. नातीला वेगळा पुडा होता.

नातीला ती भिंगरी म्हणायची, कारण पोर एका जागी ठरत नसे. भिंगरी आली की खडू, कात्री, कागदाचे कपटे, केसांच्या पिना घरभर होत. संध्याकाळी ती गेली की आजी सगळं उचलून खाटेखालच्या पेटीत भरायची आणि चित्रं कचऱ्यात टाकायची. शेजारच्या शिवणवालीने एकदा तोंडावर सांगितलं, "अगं, हे घर आहे की दवाखाना? इथे शिंकायचीसुद्धा चोरी." इस्त्रीबाईने ते हसण्यावारी नेलं. मॅडम एकदा येऊन जाऊ देत, मग पोरीने घर डोक्यावर घेतलं तरी चालेल, असं तिचं उत्तर.

त्या पहिल्याच रविवारी तिने भिंगरीला आतल्या दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती. दोघी खूप हसल्या होत्या, कारण भिंगरी टाचा उंचावून लबाडी करत होती. सोमवारी सकाळी पांढऱ्या रंगावरची ती रेघ आजीच्या नजरेला खुपली आणि हात आपसूक साबणाच्या फडक्याकडे गेला. राग येतो तो इथेच. जगात एवढे डाग पडलेत, बाईला नेमका हाच दिसावा.

पुढच्या रविवारी भिंगरी चपला न काढताच चौकटीकडे धावली. "आजी, माझी रेघ?"

"पुसली गं. पाहुणे यायचेत ना. मग काढू मोठी."

बरं, म्हणाली पोर. पुन्हा कधी विचारलं नाही. हळूहळू ती बिस्कीट खाताना खाली तळहात धरायला लागली. खडू वापरला की लगेच डब्यात. आजीला वाटलं, पोर शहाणी झाली, आणि लॉजवर तिने ते कौतुकाने चारचौघींना सांगितलं.

सतराव्या रविवारी दुपारी तीनला दार वाजलं. भिंगरी खाटेवर पालथी पडून चित्रांचं पुस्तक बघत होती. आजी पदर सारखा करून, लंगडत दारापर्यंत जाऊन कडी काढेपर्यंत मागे काहीतरी सळसळलं, पण तिचं लक्ष नव्हतं. दारात फाईल घेतलेल्या, घामाघूम झालेल्या एक बाई उभ्या होत्या.

बाई काही खाष्ट नव्हत्या. पाणी प्यायल्या, घर फार छान ठेवलंय म्हणाल्या, आणि आजीला आकाश ठेंगणं झालं. त्यांनी मोरी पाहिली, खिडकीची कडी पाहिली, शेगडी पाहिली. मग विचारलं, मुलीचं इथे काय काय आहे? आजीने मॅडमच्या चेहऱ्यावरची नजर न काढता खाटेखालची पेटी ओढली. आत लॉजवरच्यासारखी घडी घातलेले फ्रॉक आणि रंगवार लावलेले खडू. चित्रं नाहीत का काढत ती? काढते की, आजी म्हणाली. मग आहेत कुठे? आजी भिंतीकडे बघायला लागली. भिंती स्वच्छ होत्या.

"मॅडम, ती येते हो. पसारा करते. मीच आवरते सगळं," ती म्हणाली.

मॅडमने समजुतीने सांगितलं, की तपासणीपुरतं घर सजवणारे पुष्कळ भेटतात. इथे मूल वावरतं असं कुठे दिसत नाही, आणि जे दिसतं तेच त्यांना लिहावं लागतं. मग त्या भिंगरीकडे वळल्या. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पायात चपला, मांडीवर पिशवी, गुडघे जुळवून.

"तुझी जागा कुठली गं इथे?"

भिंगरीने आजीकडे पाहिलं. उत्तर चुकता कामा नये, हे तिला पक्कं कळलं होतं.

"माझी नाही," ती जपून म्हणाली. "मी पाहुणी आहे. मी काही खराब करत नाही."

 इस्त्रीबाईने भिंगरीचा दंड धरून तिला चौकटीला उभं केलं, मॅडमच्या हातातलं पेन घेतलं, अक्षरशः हिसकावलंच, आणि पांढऱ्या रंगावर निळी रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"आजी, ही आजची झाली," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मला आधीची हवी होती."

"होती हो. इथे होती. एवढी." ती चौकटीवर बोट घासत राहिली. काही खूण राहिली असेल, खाच असेल, निदान काळसर काही. पण सव्वीस वर्षांचा हात होता तिचा, काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांत कळवतो, असं सांगून मॅडम गेल्या. चहा राहिलाच. आजीने पाहुण्यांचा डबा उघडून भिंगरीपुढे ठेवला. आज हवं ते कर म्हणाली, उड्या मार, लोळ, भिंती रंगव. भिंगरी खुर्चीवरून उठली नाही. ती चौकटीकडे बघत होती.

"आजी, ही पेनाची आहे. ही निघणार नाही. मॅडम परत आल्या तर?"

पाचला बालगृहाच्या ताई तिला घेऊन गेल्या. आजी आत आली. फडक्याला हात लावायचा नाही, हे तिने जिन्यातच ठरवलं होतं. पोर दुपारभर खाटेवर लोळली होती, ती चुरगळलेली चादर आठवडाभर तशीच ठेवायची. पुढचे पंधरा दिवसही तशीच, कोण येतं ते येऊ दे.

खाटेवर चादर ताणून घातलेली होती. चारही कोपरे आत खोचलेले, उशीवर एक केस नाही. ती सळसळ कशाची होती, ते तिला आत्ता कळलं.

इस्त्रीबाई गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी चाचपत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ती सुरकुती शोधत राहिली. एकही सापडली नाही.