फटीतलं नाणं

गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणतात. वय झालं, गुडघे गेले, तरी कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीकडे बघतो आणि मग माणसांकडे. भिंत वाकडी दिसली तर चहा त्याच्या घशाखाली उतरत नाही. खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांनाही जरा आठवावं लागतं.

आयुष्यभर त्याने फरश्या बसवल्या. ज्या जमिनीवर उकिडवं बसून जन्म काढला, तिच्यावर आता बसला तर उठवायला दोन माणसं लागतात. त्याच्या जुन्या चष्म्याच्या डबीत चष्मा नाही, तीन नाणी आहेत. त्यांच्या कडांना सिमेंट असं बसलंय की घासूनही जात नाही. अर्थात त्याने कधी घासलंही नाही.

फरशी बसवताना दोन लाद्यांमधली फट सगळीकडे सारखी हवी. एक लादी केसभर सरकली की पुढच्या रांगेत ती चूक बोटभर होते आणि दारापाशी पोचेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसते. आता फटीत ठेवायला प्लास्टिकचे तुकडे मिळतात. तेव्हा कुणी खिळा ठेवायचं, कुणी काडेपेटीचा पुठ्ठा. दाजी नाणी ठेवायचे. नाणं फटीत उभं करायचं, त्याला लादी भिडवायची, सिमेंटचा माल जरा धरला की नाणं उपसून पुढे न्यायचं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आईवडील एका वर्षात गेले तेव्हा ओळंब्याला मिसरूडही फुटलं नव्हतं आणि ताईचा संसार नुकता कुठे मांडला जात होता. एका खोलीत तिघं. लोकांनी दाजींचे कान भरले की बायकोचा भाऊ म्हणजे जन्माचा पाहुणा. दाजी म्हणाले, "ताट एक वाढलं, पण हात दोन वाढले." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन हातांत थापी दिली. पहिला महिनाभर फक्त माल कालवायला लावला. गुठळी राहिली की ओरडत नसत. सगळा माल परत कालवायला लावत.

दाजींच्या खिशातली नाणी कमीजास्त झिजलेली असायची. त्यामुळे फट चुकायची आणि त्यांचं जेवण बिघडायचं. ताई तेव्हा शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायला जायची. पहिल्या पगारात तिला चार कोरी नाणी मिळाली होती. ती तिने खर्चली नव्हती. एका रात्री नवऱ्याची चिडचिड ऐकून तिने ती चारही ताटाशेजारी ठेवली.

"ही सारखी आहेत, बघा. पण उसनी देतेय हं. फरशी झाली की परत."

"परत," दाजी म्हणाले.

फरश्या काही संपल्या नाहीत.

त्यांनी दोघांनी मिळून बसवलेली शेवटची फरशी एका स्वयंपाकघराची. ऊन कडक होतं, माल भराभर धरला आणि खिडकीखालच्या फटीत एक नाणं अडकलं. ओळंब्याने छिन्नी उचलली. दाजींनी त्याचं मनगट धरलं.

"नाण्यासाठी लादीची कड तोडायची नाही. घरवाल्याने पैसे फरशीचे दिलेत."

"पण ताईचं आहे ना ते."

"तुझ्या ताईला मी सांगतो."

त्यांनी फटीवरून सिमेंट फिरवलं आणि नाणं दिसेनासं झालं. ताईला खरंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. त्या घरात माझा हिस्सा लागला." त्याच वर्षी थंडीत दाजी गेले. तीन नाणी ओळंब्याकडे आली. चौथ्याच्या जागी त्याने पितळेची पट्टी घासून घासून त्याच जाडीची केली. तो तिच्यावर वर्षानुवर्षं काम करत राहिला. त्याने ताईला जमेल तसं सांभाळलं, म्हणजे खरं तर तिनेच त्याला. त्याचं लग्न तिने जमवलं, त्याची मुलं तिने खेळवली. अधूनमधून ती विचारायची, "काय रे, माझं नाणं बरं आहे ना?" तो म्हणायचा, "सुखात आहे. भाडं भरत नाही."

एकदा तो बाजारात जुनी नाणी विकणाऱ्याकडे गेला. नाणेवाल्याने तसलंच, त्याच वर्षाचं, कोरं नाणं काढून दिलं. ओळंब्याने ते आपल्या तिघांशेजारी उभं केलं, एक डोळा मिटून कड बघितली. जाडी तंतोतंत होती. त्याने ते परत दिलं.

"भाव जास्त वाटला का?" नाणेवाला म्हणाला.

"भाव ठीक आहे. पण हे ते नाही."

नाणेवाला हसला. गल्ल्यातून एक काळपट नाणं काढून म्हणाला, "हे माझ्या मुलीने लहानपणी गिळलं होतं. आम्ही सगळं घर रडलो. मग मिळालं. कसं मिळालं ते विचारू नका. मोठमोठी गिऱ्हाइकं आली, हे वर्ष मिळत नाही म्हणून मागतात. नाही दिलं." त्याने ते शर्टाला पुसून परत आत टाकलं. ओळंब्याला त्या दिवशी एक सोबती भेटल्यासारखं वाटलं.

आता ताईची नजर जवळजवळ गेलीय. बोटं मात्र शाबूत आहेत. बटणाला किती भोकं आहेत ते ती अजून चाचपून सांगते. म्हणून नाणं अडकलेल्या त्या घराच्या दाराशी त्याला मोडलेल्या लाद्यांची पोती दिसली तेव्हा तो भाजीची पिशवी घेऊन तसाच आत शिरला. नाणं डोळ्यांनी नाही तरी बोटांनी तिला भेटायला हवं होतं, आणि पोती संध्याकाळी जाणार होती.

आत फरशी फोडायचं मशीन घरघरत होतं. चालवणारा घामाने निथळत होता. त्याला सगळे भुंगा म्हणत. मशीन थांबवून तो घरच्या सूनबाईंना म्हणत होता, "कुणी बसवलीय ही? सकाळपासून पाठीचा काटा ढिला झाला. भेटला ना, तर आधी पाय धरीन आणि मग तंगडी मोडीन!"

"आम्ही दोघं होतो," ओळंबा दारातून म्हणाला. "एक गेला. दुसऱ्याची तंगडी आधीच मोडलीय. ही बघ."

भुंग्याने जीभ चावली. सूनबाई हसल्या. "काका, राग मानू नका. खालची नळी फुटलीय, नाहीतर हात लावला नसता. सासरे म्हणायचे, या फरशीवर पाणी कधी थांबलं नाही."

राग कसला? आपल्या कामाला कुणी इतक्या मनापासून शिव्या दिलेल्या त्याने आजवर ऐकल्या नव्हत्या. दाजी असते तर त्यांनी भुंग्याला चहा पाजला असता.

खिडकीखालचा कोपरा अजून शाबूत होता. त्याने काय हवं ते सांगितलं.

"एवढंच ना? मशीन लावतो, चुटकीसरशी काढतो."

"मशीन लावलंस तर चुटकीभरच हाती लागेल. छिन्नी दे."

तो भिंतीला धरून गुडघ्यांवर उतरला. फटीला हात लावला नाही. तुटलेल्या बाजूने खालचा माल पोखरत गेला, टोला हलका, छिन्नी आडवी. भुंगा आधी घड्याळ बघत होता, मग मशीन बाजूला ठेवून शेजारी बसला, मग न सांगता लादीला हाताचा आधार दिला.

"काका, केवढ्याचं आहे नाणं?"

"बाजारात काही येणार नाही."

"मग हा आटापिटा?"

"उसनं आणलेलं आहे."

लादी हलली तेव्हा दोघांनी मिळून ती उपडी केली. दोन लाद्यांचे तुकडे, मध्ये सिमेंटने धरून राहिलेली फट आणि फटीत तळाला एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे नाण्याची कड.

"आहे की राव!" भुंग्याने हातोडी उचलली. "आता एक टोला. निघालं समजा."

"नको."

"अहो, फरशी तर मोडलीच."

ते खरं होतं. पण ओळंब्याला मनगट कुणीतरी धरल्यासारखं झालं आणि त्याने तो तुकडा होता तसा गोणपाटात गुंडाळला.

भुंग्याने तो ताईच्या दारापर्यंत आणून दिला. ओळंबा त्याचे आभार मानू लागला तर तो वाकला आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवरची सिमेंटची धूळ झटकू लागला. "पाय धरीन म्हणालो होतो," तो म्हणाला. "तंगडीचं राहू दे."

ताई खाटेवर बसली होती. मांडीवर ओझं आलं तशी म्हणाली, "हे काय, धोंडा आणलास? भाजी कुठाय?"

भाजी त्या घरातच राहिली होती. तो म्हणाला, "तुझं नाणं आणलंय."

तिची बोटं त्यावर फिरू लागली. लादी, कड, फट. तळाशी नाण्याची कड लागली तिथे थोडा वेळ थांबली. मग तिने नख फटीत घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेलं. किती घरवाले त्याचं काम तपासायला आले होते, पण नखाने फट कुणी मोजली नव्हती.

"सारखी आहे रे," ती म्हणाली. "तुझ्या दाजींचा हात."

"एक बाजू माझी होती."

"मग दोघांचा." ती हसली. "कळत नाही कुठली कुणाची."

"नाणं काढून देऊ का?"

"खुळा आहेस का? कड तुटेल ना!"

त्याने खालचा उरलेला माल घासून सपाट केला आणि तुकडा तिच्या खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला. तो जरा डुगडुगला. ताईने लगेच हाताने दाबून बघितलं आणि भुवई उचलली. त्याने चष्म्याची डबी उघडली. तीन टेकूंवर कुठलीही वस्तू डुगडुगत नाही, हे त्याला दाजींनी याच घरात शिकवलं होतं. तीन नाणी त्याने तीन जागी खाली सारली, एक थोडं पुढे, मग परत थोडं मागे.

"आता?"

ताईने खालची तिन्ही नाणी बोटाने मोजली आणि आपला चहाचा कप वर ठेवला. मग त्याला म्हणाली, "बस आता. आणि माझ्या चारही नाण्यांना जागा सापडली म्हणून फुगू नकोस. भाजी आणायची राहिलीय."