लोकांचा ब्राउझर

गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की रामू अण्णा खुर्ची फिरवून रस्त्याकडं तोंड करून बसत. "झालं की सांगा," म्हणत. बेळगावात कोर्टाजवळच्या ऑनलाइन सेवा केंद्रात मी नवीन होते, मला हसू यायचं. अण्णा शाळेतले निवृत्त क्लार्क. कंग्राळीहून सिटी बसनं येत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरवरचे तीन ब्राउझर दाखवले. "ह्यो सरकारी कामाचा. ह्यो बँकेचा, ह्यात दुसरं काय उघडायचं न्हाय. आनि ह्यो लोकांचा. त्यात आपण शिरायचं न्हाय." त्या तिसऱ्यात कोणी मेल बघे, कोणी नोकरीचा अर्ज भरे. माणूस उठला की अण्णा लगेच त्यातलं सगळं पुसत.

"एवढं कशाला, अण्णा?"

"भरवशानं बसत्यात गं हितं."

एकदा जांबोटीकडची एक मुलगी आली. वीसेक वर्षांची, बससाठी पहाटेपासून चाललेली. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, तिला नर्सिंग शिकायचं होतं. लांबच्या एका कॉलेजचा अर्ज तिनं स्वतःच भरला. प्रिंट मी काढून दिली, तेव्हा कॉलेजचं नाव वाचलं.

आठवड्याभरात ती घरातून निघून गेली. तिचा थोरला भाऊ केंद्रात आला.

"माझ्या भनीनं हितं काय भरलंय, दावा."

"न्हाय दावता येत," अण्णा म्हणाले.

"मी भाऊ हाय तिचा!"

"असशील. पन अर्ज तिचा हाय. आनि आता त्यातलं काय ऱ्हायलं न्हाय."

भावानं केंद्राच्या मालकाला बोलावलं. मालकानं कॉम्प्युटर उघडून पाहिला, काहीच सापडलं नाही. मग त्यानं मला विचारलं, "तुला काय म्हाईत हाय?" मी मान हलवली. नाही म्हणाले.

भाऊ शिव्या देत गेला. मालकानं हुकूम काढला, उद्यापासून सगळ्याला एकच ब्राउझर, आणि काही पुसायचं नाही. अण्णा म्हणाले, "मग मला जमायचं न्हाय." डबा उचलून ते निघाले. मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. मला नोकरी हवी होती. दुसऱ्या दिवशी बाकीचे दोन ब्राउझर मीच काढून टाकले.

पुढं अण्णांची किडनी बिघडल्याचं कळलं. मी कंग्राळीला गेले, तेव्हा ते खाटेवर पडून होते. मी रडतच सगळं सांगितलं. गप्प बसल्याचं, ब्राउझर काढल्याचं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पोरीच्या भावाला कॉलेजाचं नाव सांगितलीस काय?"

"नाही."

"मालकाला?"

"कुणालाच नाही, अण्णा."

"मग रडतीस कशाला?" ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

पंधरवड्यानं ते गेले.

ती मुलगी आता कुठं आहे, मला ठाऊक नाही. तिचं पूर्ण नाव अजून माझ्या लक्षात आहे. मोबाइलवर शोधलं तर बहुतेक सापडेल. मी आजवर शोधलेलं नाही.