गुणाजीचं नाक

रविवारचं मटण हुंगावं तशा तन्मयतेनं सायलेन्सरचा धूर हुंगून गुणाजी मेकॅनिक इंजिनाचं दुखणं सांगायचा. चारकोपमध्ये या नाकाचा दरारा होता.

आज मढच्या अंजनाबाई कोळणीचा नवा डिझेल टेम्पो बैलगाडीच्या चालीनं गॅरेजात आला. धूर तपासणाऱ्या सेन्सरचा दिवा पेटला होता आणि आतलं म्हावरं बोरिवलीच्या बाजारात वेळेवर पोचायला हवं होतं. गुणाजीनं हुंगलं, वायरी हलवल्या, शेवटी सेन्सरच बदलला. दुपार झाली तरी दिवा तसाच.

"काय रे, काय बोलतंय तुझं नाक?" अंजनाबाईनं विचारलं.

"बाय, या नव्या गाड्यांच्या धुराला वासच नाही गो!"

"आणि माझ्या म्हावऱ्याला?"

गुणाजीनं टेम्पोमागे जाऊन एकदाच श्वास घेतला आणि मान खाली घातली. तिथे मात्र नाक अचूक चाललं होतं.