पेंढ्याची काडी

आज घोलवडहून भाच्याने चिकूची पेटी पाठवली. झाकण काढलं, पिकत्या चिकूंबरोबर पेंढ्याचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

साठ वर्षं होऊन गेली, तरी हा वास मला सरावलीच्या आमच्या अंगणात नेऊन उभा करतो. मी तेव्हा सात वर्षांची. बाबा घोलवडच्या एका वाडीत चिकू भरायला जायचे. त्या दिवशीही आमच्यासाठी पेटी घेऊन आले होते. अंगणात जातीचे पंच बसलेले, आई खांबाशी खाली मान घालून उभी. धाकटा गणू मजेत चिकू खात होता.

एक पंच मला म्हणाले, "पोरी, काडी आण गं एक."

नवरा-बायकोने पंचांपुढे काडी मोडली की लग्न मोडलं, ही आमच्यातली रीत. पोरगा बापाकडे, पोरगी आईकडे, हेही ठरून गेलं होतं. पण पोरांना काही सांगावं, विचारावं, हे त्या शहाण्या माणसांच्या गावीही नव्हतं. मी पेटीतली सगळ्यात लांब, पिवळीधमक काडी निवडून आणली. त्यांनी मला शाबासकी दिली, त्याचा अजून संताप येतो.

आई-बाबांनी एकेक टोक धरलं. काडी मोडली.

मला वाटलं, चुकून मोडली. "थांबा, दुसरी आणते!" म्हणत मी आत पळाले.

या वेळी मोडू नये म्हणून मी चार काड्या एकत्र पिळून घेतल्या. बाहेर आले, तर बाबा नव्हते, गणूही नव्हता.