मायमूची नोंद

वील्यांदी गावातला माझा शेजारी हेल्दुर हा सुतार. सरकारी कामं त्याची बायको मायमू घरच्या संगणकावरच उरकायची. ती दवाखान्यात वारली, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो कोट घालून नोंदणी कार्यालयात निघाला. मी गाडी काढली.

"आजवर सगळे अर्ज तिनंच भरले," तो म्हणाला. "हा तरी मी भरतो."

खिडकीमागच्या कारकून बाईने, केर्तूने, पडद्यावर पाहिलं. "नोंद झालीय. दवाखान्यातून आपोआप येते. उगाच हेलपाटा पडला तुम्हाला."

"सही?"

"लागत नाही."

हेल्दुर हलला नाही. "मग मी काय करू?"

केर्तूने कळफलक बाजूला सारला. "मला सांगा."

"मायमू गेली," तो म्हणाला. केर्तूने मान डोलावली. आम्ही घरी आलो.