दोरीपलीकडचं स्वयंपाकघर

लीबेर उंपिएरेस एकाआड एक शनिवारी चित्रांचा अपमान करायला जायचा. मोंतेविदेओच्या बसमध्ये त्याची कंडक्टरकी झालेली. "मागे सरका, मागे जागा आहे!" असं ओरडून आवाज इतका कमावलेला की कलादालनात तो कुजबुजला तरी शेजारच्या दालनात त्याचं मत पोचायचं.

घोड्यावर बसलेल्या सेनापतीसमोर तो म्हणायचा, "घोडा फस्क्लास. वरच्याला मूळव्याध दिसतेय."

पांढऱ्या कॅनव्हासवर एकच लाल पट्टा असेल तर, "यानं पहिला हात दिला आणि जेवायला गेला तो गेलाच."

"हळू बोल रे मेल्या," निबिया म्हणायची आणि तोंडावर रुमाल धरून हसायची. त्या हसण्यासाठीच तो जायचा. कलेशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं.

निबिया लारोसा त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. नवरा गेलेला, जन्म शिलाई मशीनवर काढलेला. तिला चित्रं आवडायची, त्याला विज्ञान संग्रहालयातली यंत्रं. म्हणून एक शनिवार तिचा, एक त्याचा. "माझ्या विज्ञानात बटण दाबलं की दिवा लागतो," तो सांगायचा, "तुझ्या कलेत काही दाबायला गेलं की रखवालदार येतो."

"विज्ञान तुझं कधीपासून रे?"

"चांगलं तेवढं माझं."

असं सगळं मजेत चाललेलं असताना निबियाच्या मुलाचा बार्सिलोनाहून फोन आला. जुळं झालंय, आई, तू इकडेच ये, कायमची. तिनं ही बातमी लीबेरला जिन्यात सांगितली. त्याच्या तोंडातून निघालं, "बरं झालं. तिकडे थंडी कमी असते म्हणे." वर जाऊन त्यानं स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारणीनं रेडिओ मोठा केला. त्यानंतर तो तिच्याशी फुटबॉलवर बोलला, सरकारवर बोलला, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या दुसऱ्या बायकोवरही बोलला. ज्यावर बोलायचं होतं ते सोडून सगळ्यावर बोलला. चारचौघांत बिनधास्त ओरडणारा हा माणूस त्या एका गोष्टीपुढे मुका व्हायचा, आणि याचा त्याला भयंकर राग यायचा.

पुढचा शनिवार निबियाचा होता, पण कलादालन रंगकामासाठी बंद. "शेवटी भिंतच जिंकली," लीबेर म्हणाला. मग ती त्याला बंदराजवळच्या एका जुन्या घरात घेऊन गेली. तिथे पूर्वीच्या लोकांचं घर जसंच्या तसं मांडून ठेवलेलं होतं. दारावरच्या मुलीनं निबियाची पिशवी ठेवून घेतली. लीबेरच्या बगलेतल्या गरम पाण्याच्या थर्मासकडे तिचं लक्षही गेलं नाही. उरुग्वेत बगलेतला थर्मास शरीराचाच भाग धरतात.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. लोखंडी चूल, टेबल, दोन खुर्च्या. झाडलोट करणाऱ्यानं दारातली आडवी दोरी काढून ठेवलेली आणि परत बांधायची राहिलेली. निबियाचा गुडघा दुखत होता. ती सरळ आत जाऊन खुर्चीत बसली. लीबेरही बसला.

टेबलावर माते नावाचा तिथला कडू चहा प्यायचा भोपळ्याचा तुंबा होता, चांदीच्या नळीसकट. रिकामा.

आता रिकामा तुंबा समोर आणि गरम पाणी बगलेत असताना हातावर हात ठेवून बसेल असा माणूस त्या देशात जन्मायचा आहे. लीबेरनं खिशातून मातेची पुडी काढली, कडू हिरवा पाला तुंब्यात भरला, नळी बसवली, पाणी ओतलं. रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला, दुसऱ्यांदा भरून तिच्यापुढे केला. हे सगळं त्याच्या हातांनी परस्पर केलं, कारण त्याचं डोकं बार्सिलोनात होतं.

"जरा जुनाट वास येतोय," निबिया म्हणाली आणि प्यायली.

तेवढ्यात दारात ब्राझीलच्या प्रवाशांचा घोळका आला. त्यांना वाटलं, संग्रहालयानं जुन्या काळचं म्हातारं जोडपं बसवलंय. फोन वर झाले. एक बाई म्हणाली, "बाई गं, किती खरं वाटतंय!"

"तिकीट आलं का?" लीबेरनं विचारलं. त्याला घोळका दिसलाच नव्हता.

"आलं."

"जाऊ नको."

हे तो कंडक्टरच्या आवाजात बोलला. ब्राझीलवाल्यांचे फोन खाली आले.

"जाऊ नको, निबिया. तुझा तो गधडा पोरांना सांभाळायला कुणालाही ठेवेल. मी शनिवारी कुणाबरोबर जाऊ? एकट्यानं त्या चित्रांना काय बोलायचं? मला तुझ्याशिवाय करमत नाही. झालं. बोललो."

निबियानं नळीतून खुर्रकन आवाज येईपर्यंत तुंबा संपवला आणि त्याच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते.

"जाणार आहे मी, लीबेर. मला ती पोरं मांडीवर घ्यायचीत."

"मग सांगितलंस कशाला मला जिन्यात? तिकडे जाऊन पत्र टाकायचं!"

"अरे, कुणीतरी नको म्हणावं आणि मग मी निघावं. इतक्या वर्षांच्या घरातून कपाट उचलून नेल्यासारखं मला नाही जायचं. तू म्हणे, थंडी कमी असते! रात्रभर रडले मी."

घोळक्यातून टाळ्या पडल्या. पाठोपाठ रखवालदार धावत आला. त्यानं टेबल पाहिलं, लीबेरच्या हातातला ओला तुंबा पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"आजोबा! शंभर वर्षांची वस्तू आहे ती!"

"म्हणूनच चव उतरली होय," लीबेर म्हणाला. "घे, तूही घे एक."

"उठा! दोघंही बाहेर!"

लीबेर उठला. त्यानं निबियाला हात दिला; तिनं तो धरला आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही. इमारतीतल्या बायका काय म्हणतील म्हणून आजवर ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून चालायची.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. मघाचं."

"जाऊ नको."

"अजून."

ब्राझीलवाल्यांनी बाजूला होऊन वाट दिली, मागून रखवालदार घाई करत राहिला, आणि रस्त्यावर येईपर्यंत लीबेर घसा फोडून तेच म्हणत गेला आणि निबिया ते ऐकत गेली.