जितेपणी नेसलेलं लुगडं

“थांब. आधी दाखाड.”

सकाळी कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं सुरू झालं, की आमच्या गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन बाहेर यायच्या. गाडी आणि बादल्या यांच्या मधोमध जिजी उभी असायची. उजवा हात पुढे, पंजा उघडा. दाखाड म्हणजे दाखव, आणि दाखवल्याशिवाय सुटका नसे. ती बादलीत वाकायची, त्यातून झाकण हरवलेली बरणी, बटाट्याची सालं, अंगठा तुटलेली चप्पल असं काहीबाही वर काढायची आणि ज्याचं त्याच्या हातात परत द्यायची.

“हाई फेकाना शे? अजून तं इना जीव गया नही.”

गाडीचा ड्रायव्हर तिला वचकून असे. “जिजी, मन्ही गाडी भरू दे वं माय. रिकामी लई गऊ तं साहेब म्हनस, तू त्या गल्लीमा गयाच नही.”

“मंग साहेबले आठे धाड,” जिजी म्हणायची.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमच्या सकाळी शांत जात असतील. मला आता त्या शांततेची सवय करून घ्यावी लागते आहे, आणि म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

नंदुरबारला जिजीचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लागून. ती कोरीटच्या शेतकरी घरातली. नवरा लवकर गेला, मुलगा आणि सून सुरतला, घरात ती आणि एक बकरी. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मी ‘मास्तरीन’. माझ्या नावाची तिला कधी गरज पडली नाही.

तिच्या घरी हात धुवायचे तर केळीच्या बुंध्यापाशीच उभं राहावं लागे. मोरीत धुतले तर ती बाहेरूनच ओरडे, “केळीनं काय बिघाडं तुन्हं?” एकदा सुरतहून मुलाचे साडू आले होते. कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून ते केळीपाशी गेले. जिजीने वरून तांब्या ओतला. पाणी केळीला मिळालं, चिखल पँटला. ते काही बोलायच्या आत जिजीने त्यांना पँट काढायला सांगितली, राखेने धुऊन देते म्हणून. पाहुणे संध्याकाळच्या गाडीने जाईपर्यंत तिच्या नवऱ्याच्या जुन्या धोतरात, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

परसातल्या गिलक्यांच्या, म्हणजे घोसाळ्यांच्या, वेलावर तिचा फार जीव. कोवळी गिलकी भाजीला, जून झालेली वाळवून अंग घासायला. हे ठीक होतं. पण माझ्या भाचीच्या लग्नात तिने आहेर म्हणून ताटात घालून, वर हळदकुंकू लावून वाळकी गिलकी दिली. नवरीला वाटलं, कुठला तरी मोठा किडा आहे. ती मांडवातच किंचाळली. जिजी शांतपणे म्हणाली, “चांदीना दिवा आंग घासाले कामले येस का?” भाची आता दोन मुलांची आई आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने फोन करून हळूच विचारलं, मावशी, जिजीकडचं ते आणखी मिळेल का.

मिरचीची गोष्ट मात्र जिजी स्वतः कधी सांगत नसे, म्हणून मी सांगते.

आमच्या गावी हंगामात पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, जिथवर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडते. देठ खुडायला बायकांची रांग बसते आणि देठांचे ढीग होतात. ते ढीग वाया जातात हे एके वर्षी जिजीच्या लक्षात आलं. ती रिक्षातून एक गच्च गोणी घेऊन आली. रिक्षावाला वाटभर शिंकत आला होता. त्याने गोणी उतरवली आणि भाडं न घेताच गेला. दुपारी जिजीने मूठभर देठ चुलीत घातले. सरपण वाचेल आणि डासही जातील, असा तिचा हिशेब.

पाचेक मिनिटांत गल्लीतलं प्रत्येक दार उघडलं. खोकत, डोळे पुसत, तान्ही मुलं कडेवर घेऊन सगळे मारुतीच्या पारापर्यंत पळाले. बकरी दावं तोडून आमच्याही पुढे. सगळ्यांच्या मागून पदराचा बोळा नाकाला लावलेली जिजी आली आणि शिंकांच्या मधून तिने विचारलं, “डास गयात का नही?”

शेजारचे किराणावाले शेठ म्हणाले, “जिजी, डास इथेच आहेत. गल्ली गेली.”

तिने त्या गोणीचं पुढे काय केलं ते विचारू नका. फेकली मात्र नाही.

नगरपालिकेचा एक तरुण एकदा घराघरांतून विचारपूस करत आला. जिजीच्या अंगणात त्याला कचऱ्याचा डबा दिसेना.

“आजी, ओला कचरा कुठे टाकता?”

“बकरीना पोटमा.”

“आणि सुका?”

“चुल्हामा.”

“घरात काही घातक कचरा आहे का?”

जिजीने जरा विचार केला. “शे ना. पन तो सुरतले ऱ्हास.”

तो तरुण हसत हसत ओट्यावर बसला. मग चहा पिऊन, केळीपाशी कप विसळून गेला.

आता लुगड्याचं सांगते. जिजीच्या आयुष्यात हट्ट पुष्कळ होते, पण झोप उडवणारा हा एकच.

आमच्याकडे बाई गेली की नातेवाईक तिच्या अंगावर नवं लुगडं टाकतात. ज्याचं त्याचं नातं, ज्याचं त्याचं लुगडं. पण पहिला मान माहेरच्या लुगड्याचा. ते आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. पलीकडच्या घरातली म्हातारी गेली तेव्हा एकेक जण येऊन लुगडं टाकत होता. काहींची तर दुकानाची घडीही मोडली नव्हती. तिचा चेहरा दिसेनासा झाला तरी लुगडी येतच होती. आणि बायकांच्या घोळक्यातून एक हात पुढे आला.

“थांबा!”

सगळे थबकले. जिजीच्याच लक्षात आलं, आपण कुठे उभ्या आहोत. तिने हात मागे घेतला, पदर तोंडात धरला. लुगडी म्हातारीबरोबर गेली, जळाली.

दुसऱ्या दिवशी जिजी माझ्याकडे येऊन बसली.

“मास्तरीन, ती म्हातारी आखी जिंदगी ठिगळना लुगडामा ऱ्हायनी. आनि आंगवर नवं पडनं, तवय तिले दखासच नही. आसं कसं?”

“रीत आहे जिजी.”

“मी मरसू तवय आसं व्हवाले नको.”

“मग सांगून ठेव, कुणी काही आणू नका म्हणून.”

ती एकदम चिडली. “तसं कसं? माहेरनं लुगडं तं पाह्यजेच! नहीतं लोके म्हंतीन, म्हातारीना मांगे कोनी नही.”

पेच असा होता. लुगडं हवं होतं, जळायला नको होतं. आठवडाभर ती बकरीशी बोलत राहिली, आणि मग तिला उत्तर सापडलं. माहेरने आपल्याला मरणाचं लुगडं जिवंतपणीच द्यावं.

माहेर म्हणजे एकच धाकटा भाऊ, कोरीटला केळी आणि कापूस करणारा. गल्ली त्याला मामा म्हणते. भाऊबीजेला दर वर्षी लुगडं घेऊन येणारा, कमी बोलणारा माणूस. त्या वर्षी ओवाळून झाल्यावर जिजी म्हणाली, “हाई लुगडं मी शेवटलं समजू ना? बोल, तेच शे म्हनीसन. मास्तरीनना समोर बोल.”

मामाच्या हातातला लाडू ताटात पडला. “जितीले मयतनं लुगडं दिऊ? लोके मन्हा तोंडवर थुकतीन.”

“लोकेस्ना तोंडले मी देखी लिसू. तू बोल.”

मामा ताटावरून उठून गेला.

पुढच्या वर्षी हेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती कोरीटला गेली की तिथेही, झोक्यावर बसून, साऱ्या गावासमोर. मामाला बोलायचे होते फक्त दोन शब्द, पण ते त्याच्या घशातून निघेनात. मी एकदा त्याची समजूत घालायला गेले. तो म्हणाला, “मास्तरीन, तिले लुगडं देवाले मी कव्हय ना म्हनू? पन ‘तेच शे’ म्हनं, म्हंजे तिले ‘जाय’ म्हनासारखं व्हस. माले मोठी करेल बहीन शे ती.”

हे मी जिजीला सांगितलं. ती बराच वेळ गिलकं सोलत बसली. बिया हातावर झटकून म्हणाली, “येडा शे. मी काय त्याना म्हनावर जासू का?”

शेवटी एका भाऊबीजेला ती त्याच्याशी बोललीच नाही. ओवाळलं, ताट ठेवलं, पाठ फिरवून बसली. मामाने दोन वेळा ‘बहीन’ म्हणून हाक मारली. मग लुगडं तिच्या मांडीवर जवळजवळ आपटून तो ओरडला, “घे! तेच शे! तेच शे! व्हयना जीव थंडा?” आणि ओट्यावर जाऊन, गल्लीकडे पाठ करून ढसाढसा रडला.

जिजी आत गेली, लुगडं नेसून बाहेर आली, आणि गल्लीभर फिरली.

“देखा वं, मन्हं मरननं लुगडं! कसं दखास?”

बायका दारं लावून घेऊ लागल्या. शेठांनी तिला पाहून दुकानातल्या तसबिरीला दोनदा हात जोडले. ती मात्र ते लुगडं नेसून बाजारात गेली, बकरीची धार काढली, पापड लाटले. पहिल्या महिन्यात त्यावर हळद सांडली, दुसऱ्यात काठ उसवला. माझी समजूत होती की असं वस्त्र पाहून माणसाला मरणाची आठवण व्हावी. आमच्या गल्लीला मात्र फक्त पापडांची आठवण होते.

आणि ती मेली नाही. लुगडं विरलं, गुडघ्यापाशी फाटलं, तिने चोळीच्या तुकड्याचं ठिगळ लावलं, तरी ती टुणटुणीत. पुढल्या भाऊबीजेला तिने ते मामासमोर धरलं.

“हाई फाटी गयं. मी तं मरनू नही. आते दुसरं लागी.”

मामा आधी लुगड्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. आणि तो कमी बोलणारा माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसरं लुगडं त्याने स्वतः बाजारात जाऊन आणलं आणि तिने न विचारताच म्हणाला, “ले, हाई बी तेच शे.” त्यानंतर दोघं बहीणभाऊ ओट्यावर बसून, अशी किती लागतील यावर पैजा लावत होते.

दुसऱ्या लुगड्याचा काठ अजून शाबूत असतानाच जिजी गेली. उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत, कुणाला न सांगता. मुलगा आणि सून सुरतहून आले. अंघोळ घातल्यावर सून कपाट उघडून नवं काही शोधू लागली. मी परसातल्या दोरीवरून ते लुगडं काढून आणलं. उन्हाने गरम होतं. तेच आम्ही तिला नेसवलं.

नातेवाईक जमले. प्रत्येकाच्या काखेत पिशवी, पण माहेरच्या आधी कोण टाकणार? मामा सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या हातात दुकानाचा कोरा बॉक्स होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. रिकाम्या हाताने येववलं नसावं.

एका वयस्क नातेवाइकाने खाकरून सांगितलं, “मामा, माहेरनं टाका. उशीर व्हई ऱ्हायना.”

मामा बॉक्स छातीशी धरून उभा. झाकण उघडलं. बंद केलं. सगळी गल्ली त्याच्या हातांकडे बघत होती. लोक काय म्हणतील ते त्याला माहीत होतं. ते ऐकायला आता तोच एकटा उरला होता.

“माहेरनं दिधेल शे,” तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, “तिना आंगवर जे शे, तेच शे.”

मागे पिशव्यांची सळसळ झाली. ज्यांनी लुगडी बाहेर काढली होती, ते ती हळूच परत आत सारत होते. जिजीला उचललं तेव्हा तिचा चेहरा शेवटपर्यंत दिसत होता, आणि मागून निम्मी मिरवणूक काखेत पिशव्या धरून चालली होती, बाजारातून घरी निघाल्यासारखी.

संध्याकाळी मामाला बसवून द्यायला मी स्टँडवर गेले. तो खिडकीशी बसला, बॉक्स मांडीवर. शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. तिने बॉक्सकडे पाहिलं आणि आपल्याकडे विचारतात तसं सरळ विचारलं, “कोनासाठे लुगडं, भाऊ?”

“बहीनसाठे लई जायेल व्हतू,” मामा म्हणाला. “तिनी लिधं नही.”

“रुसनी का?”

मामाने बॉक्सचं झाकण नीट दाबून बसवलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

“हा,” तो म्हणाला. “रुसनी.”

“मंग मनाडा ना,” बाई म्हणाली. “बहीनी आश्याच ऱ्हातीस.”

“मनाडसू,” मामा म्हणाला, आणि कोरीटची गाडी हलली.